किल्ली काढली तरी

मी आयुष्यात एकदाही इंजिन उघडून पाहिलेलं नाही. हे साधं वाक्य मोठ्यानं म्हणायला मला तीस वर्षं लागली, आणि तेही मी आपखुशीनं म्हटलं नाही. बायकोनं म्हणायला लावलं.

मी रेल्वेत होतो हे खरं. दौंड जंक्शनला होतो, हेही खरं. पण माझी सगळी नोकरी तिकिटाच्या खिडकीमागं गेली. इंजिनाचा आणि माझा संबंध एवढाच, की ते फलाटावर आलं की खिडकीची काच थरथरायची आणि समोरच्या माणसाला पाटस हवंय की पुणे, ते मला ऐकू यायचं नाही. मात्र सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी माझ्या काकांना विचारलं होतं, "नवरदेव रेल्वेत म्हंजी इंजिनावर का?" काकांच्या तोंडात जिलेबी होती. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की 'जिलेबी आता पुरे' अशी होती, हे मला आजवर कळलेलं नाही. पण हातातला घास संपेपर्यंत मी इंजिनवाला झालो होतो. मी शेजारीच बसलो होतो आणि माझ्या तोंडात जिलेबी नव्हती. तरी गप्प राहिलो.

सासरचं गाव न्हावऱ्याच्या पुढं, शिरूरच्या अलीकडं. तिथं गेलो की धाकटा मेहुणा काहीतरी बिघडलेलं घेऊन उभाच. कधी फवारणीचा पंप, कधी मोटारसायकल, एकदा तर पिठाची गिरणी. "दाजी, जरा आवाज ऐका बरं." मी मान तिरकी करायचो, डोळे बारीक करायचो, थोडा वेळ ऐकायचो आणि म्हणायचो, "आवाज बदललाय." आवाज बदललेला असायचाच, नाहीतर त्यानं ती वस्तू माझ्यापुढं कशाला आणली असती? मग मी म्हणायचो, "मिस्त्रीला दाखवून घ्या. पण लवकर." त्या 'पण लवकर'मध्ये माझा सगळा अनुभव असायचा.

बायकोला अर्थातच सगळं ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ती डबा घेऊन स्टेशनात आली होती आणि मला खिडकीआड सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारबाबांशी भांडताना पाहून गेली होती. पण माहेरी माझ्यादेखत तिनं कधी चकार शब्द काढला नाही. अंगणात सगळे जमले आणि मी मान तिरकी केली, की ती उठून आत चहा टाकायला जायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक तिला बघवत नाही. आता वाटतं, हसू आवरायला जात असणार.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मधल्या खोलीत खिडकीजवळ त्यांची कॉट लावली. सून सगळं करते, त्यात खोट काढायला जागा नाही. पण रविवारी डोक्यावरून न्हाऊ घालायचं ते लेकीनंच, असं दोघी मायलेकींनी ठरवून टाकलं. सासूबाईंचे केस या वयातही कमरेपर्यंत. ते धुवायचे, पंचानं टिपायचे, वाळेपर्यंत बोलत बसायचं, मग तेल लावून वेणी. हा कार्यक्रम दिवसभराचा.

आम्ही निवृत्तीनंतर खुटबावला घर बांधलं. बायको तिथंच अंगणवाडीत आहे. खुटबावहून तिच्या माहेरी एसटीनं जायचं तर चौफुल्याला एकदा गाडी बदला, न्हावऱ्याला दुसऱ्यांदा. परतीची शेवटची सोयीची गाडी पकडायची, तर न्हाणं उरकून वेणीच्या आधीच निघावं लागायचं. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस ती म्हणाली, "मी गाडी शिकते."

"या वयात?" मी विचारलं.

"आई अजून किती वर्षं आहे?" ती म्हणाली. "आत्ता नाही शिकले तर शिकून उपयोग काय?"

बावन्नाव्या वर्षी ती शिकली आणि पहिल्याच खेपेला लायसन्सची परीक्षा पास झाली. मला त्या परीक्षेला दोनदा जावं लागलं होतं. तिनं तेव्हाही तो विषय काढला नाही.

आमची गाडी पांढरी, लहान, पेट्रोलवरची, कार्बोरेटरच्या जमान्यातली. एसी नाही. उन्हाळा आला तेव्हा मी बायकोसाठी एक छोटा पंखा आणला आणि समोर काचेपाशी बसवला. आमच्याकडं त्याला फॅनच म्हणतात. त्याची वायर मी किल्लीवरच्या करंटला जोडली. म्हणजे किल्ली फिरवली की फॅनला करंट, किल्ली बंद की फॅन बंद. काम नेटकं झालं होतं. मी दोन दिवस जाता येता त्याच्याकडं बघत होतो.

पण आमच्या वाटेवर रेल्वेचं फाटक आहे. एकदा पडलं की एक मालगाडी जाते, मग एक्स्प्रेस, मग काहीच नाही, तरी ते उघडत नाही. बायको शहाणी, फाटकात इंजिन बंद करते. पण इंजिन बंद की फॅनही बंद. एप्रिलातल्या पहिल्याच रविवारी ती घामानं भिजून घरी आली आणि सहज म्हणाली, "फाटकात फॅन चालू राहिला असता तर बरं झालं असतं."

झालं. मला काम मिळालं. दुसऱ्या दिवशी मी बॅटरीवरून थेट एक वायर आणली. आता खरं म्हणजे जुनी वायर काढून नवी जोडायची, विषय संपला. पण जुनी इतकी सुबक बसवलेली की ती काढणं जिवावर आलं. शिवाय मला रेल्वेची दुहेरी लाईन आठवली. एक लाईन अडली तर दुसरी आहे, गाड्यांचा खोळंबा नाही. फॅनलाही दोन लायनी दिल्या तर? घरात गिझरचं जुनं बटण पडलं होतं. त्या भल्यामोठ्या बटणात दोन वायरी एकदम चालू-बंद होण्याची सोय असते. मी एका बाजूनं किल्लीची वायर घातली, दुसऱ्या बाजूनं बॅटरीची, आणि पलीकडं दोन्ही एकत्र पिळून फॅनला दिल्या. गाडीत ते पांढरंशुभ्र गिझरचं बटण पाहून बायको म्हणाली, "अंघोळीचं पाणीपण तापतं का यात?" मी दुर्लक्ष केलं. बटण दाबलं, किल्ली काढून घेतली, फॅन फिरत राहिला. मी खूश झालो.

त्याच आठवड्यात गाडीला वेड लागलं.

बायको अंगणवाडीचं सामान घेऊन आली. गाडी दारात उभी केली आणि उतरली. किल्ली तिच्या हातात आणि इंजिन चालूच. मी बाहेर आलो. ती किल्ली माझ्यापुढं धरून उभी राहिली. इंजिन इतकं शांत, एका लयीत चाललं होतं, की कुणी आत बसलंय असंच वाटावं.

मी गाडीत बसलो. किल्ली लावून चालूवर फिरवली. माझ्या सवयीनं आधी फॅनचं बटण बंद केलं. खिडकी सोडून उठताना डोक्यावरचा फॅन बंद करायचा, ही तीस वर्षांची शिस्त. आणि मग मोठ्या अधिकारानं किल्ली बंद केली. इंजिन गपकन थांबलं.

"बघ," मी म्हणालो.

"मीपण तेच केलं होतं," ती म्हणाली.

"तेच नसणार. शेवटी रेस दिली असशील."

असं चार-पाच वेळा झालं. तिच्या हातून गाडी बंद होईना, आणि मी बसलो की लगेच बंद. मी स्वतः गाडी नेली तर एकदाही तक्रार नाही. यात काय गूढ होतं ते आता शेंबडं पोरही सांगेल. मला वाऱ्यानं शिंका येतात, म्हणून मी चालवताना फॅन लावतच नव्हतो. ती लावायची, कारण तो तिच्यासाठीच बसवला होता. पण मी फॅनकडं बघतच नव्हतो. मी तिच्या हातापायांकडं बघत होतो.

रोज थोडा वेळ मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी निदान पक्कं केलं. इंजिनात कार्बन साचतो, तो लालभडक होतो, मग ठिणगी नसतानाही पेट्रोल आपोआप पेटत राहतं. आणि कार्बन का साचतो? चालवणाऱ्याची पद्धत चुकीची म्हणून. हे शेवटचं वाक्य व्हिडिओत नव्हतं, ते माझं. चौफुल्याच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. तो बिचारा म्हणाला, "साहेब, आधी मी बघतो की." मी त्याला बघू दिलं नाही. कार्बनवर पंधरा मिनिटं बोललो. मी रेल्वेतला, हे त्याच्याही कानावर होतं. त्यानं मुकाट्यानं इंजिनाचं हेड खोललं, साफ केलं, प्लग बदलले. गाडी घरी आली. रविवारी बायको माहेरी गेली आणि गाडी तिथं जाऊन पुन्हा बंद होईना. मेहुण्यानं आत बसून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेक दाबून क्लच सोडला, तेव्हा ती हिसका देऊन मेली. पुढच्या रविवारीही तेच. गल्लीतले लोक बघायला येऊ लागले.

मग तिसऱ्या रविवारी मी सोबत गेलो. आता लिहिताना कान गरम होतात, पण लिहितो.

अंगणात मेहुणा होता, त्याची बायको होती, शेजारचे दोघे होते. बायकोनं गाडी उभी केली, किल्ली काढली, इंजिन चालू. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी आत बसलो, माझं नेहमीचं केलं, गाडी थांबली. कुणीतरी म्हणालं, "हाताला गुण हाय."

"पण दाजी, व्हतंय काय नेमकं?" मेहुण्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बायको हळूच म्हणाली, "मला वाटतं, फॅनचं काहीतरी आहे. परवा किल्ली काढल्यावर मी फॅन बंद केला आणि गाडी आपोआप बंद झाली."

मी हसलो. चांगलं मोठ्यानं हसलो. "फॅनवर चालणारं इंजिन अजून निघायचंय," मी म्हणालो. सगळे हसले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लोक हसत होते आणि मला आणखी हवं होतं. मी म्हणालो, "गाडीत काही दोष नाही. हिला चालवता येते, बंद करता येत नाही."

ती हसली नाही, रागावलीही नाही. उठून आत गेली. या खेपेला ती चहा टाकायला गेली नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. घरी आल्यावर तिनं किल्ली दारामागच्या खिळ्याला अडकवली. पुन्हा काढली नाही.

"अगं, चालव की," मी दोन दिवसांनी म्हणालो.

"बंद करता येत नाही ना," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

त्यापुढं दर रविवारी मी तिला घेऊन जाऊ लागलो. स्वतःवरच खूश होतो, की बघा, बायकोच्या आईसाठी माणूस सुट्टी घालवतोय. मी निवृत्त, मला सगळेच दिवस सुट्टीचे, हे तेव्हा सुचलं नाही. पण चार वाजले की माझी चुळबूळ सुरू व्हायची. माझी ड्यूटी वर्षानुवर्षं चारला सुटायची, ते अंगात मुरलंय. शिवाय समोरून दिवे आले की मला रस्ता नीट दिसत नाही. मी अंगणातून खाकरायचो. आतून बायको ओले केस तसेच पंचात गुंडाळून यायची. वेणी मग सूनबाई घालायची. एखाद्या रविवारी मला कंटाळा आला तर ती एसटीनं जायची, चौफुल्याला एक बदल, न्हावऱ्याला दुसरा. मी "जपून जा" म्हणायचो आणि पेपर वाचत बसायचो.

मे महिना संपत आला तेव्हा एका दुपारी मी एकटाच चौफुल्याला गेलो होतो. ऊन असं, की स्टेअरिंगला हात लावता येईना. शिंका आल्या तर आल्या म्हणून मी फॅन लावला. चहाच्या दुकानासमोर गाडी उभी केली, किल्ली काढली, उतरलो. इंजिन चालूच.

मी खरोखर मागं वळून मागच्या सीटवर पाहिलं. बायको तिथं नव्हती. आता दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि तो अगदी याच शब्दांत आला. पुन्हा किल्ली लावली, काढली. पुन्हा लावली, काढली. चहावाला म्हणाला, "साहेब, बंद करायची राहिली वाटतं." मी म्हणालो, "राहू दे, गरम करतोय." मे महिन्यात.

तशीच चालवत मिस्त्रीकडं नेली. त्यानं मला पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, आज तुमी बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "आज मी बोलतो."

मी नाही बोललो.

त्यानं किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि खिडकीतून आत वाकून बघितलं. "ह्यो हँडब्रेकचा लाल दिवा बघा. किल्ली खिशात हाय आन् दिवा लागलेला. म्हंजी करंट कुठनं तरी येतोय. तुमचा त्यो कार्बन असता तर दिवा इझला असता आन् इंजिन खडाखडा नाचलं असतं. हे कसं गुमान चाललंय. ह्येला ठिणगी मिळतीया." मग त्याची नजर गिझरच्या बटणावर गेली. "ह्ये काय हाय?"

"फॅनचं बटण."

त्यानं ते बंद केलं. इंजिन थांबलं. चालू केलं, पुन्हा गाडी सुरू करून किल्ली काढली, इंजिन चालू. बटण बंद, इंजिन बंद. जादूच्या प्रयोगासारखं त्यानं मला तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती. मला वाटतं, त्याला मजा येत होती.

"दोन वायरी बटणातनं एकत्र केल्यात," तो खाली वाकून म्हणाला. "बटण दाबलं की बॅटरीचा करंट फॅनला जातोय, आन् ह्या दुसऱ्या वायरीतनं उलटा किल्लीच्या लायनीत बी जातोय. मंग किल्ली काढली काय आन् ठिवली काय. कुणी केलंय हे?"

तीस वर्षं रेल्वेत काढून, त्याच लाईनवरून गाडी उलट दिशेनंही येऊ शकते, हे मी विसरलो होतो.

"आमच्या ओळखीचा एक जण आहे," मी म्हणालो.

"त्याला परत गाडीला हात लावू देऊ नका," मिस्त्री म्हणाला आणि किल्लीवरची वायर कापून काढली. "फॅन आता बॅटरीवर राहील. ठिवू का काढू?"

"ठेवा," मी म्हणालो. "घरात लागतो."

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते वाटेत चांगलं जुळवलं होतं, त्यात 'शॉर्ट' आणि 'रिटर्न करंट' असे शब्द होते. पण तोंडातून एवढंच आलं, "वायर सापडली."

"कुठली?"

"फॅनची."

ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं, आता बोलेल, रडेल किंवा निदान 'मी सांगितलं होतं' म्हणेल. मी त्या सगळ्याची तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? मला माहीत होतं. जिथं हसलात तिथं सांगा."

त्या क्षणी मला स्वतःची खरोखर लाज वाटली. तीस वर्षं तिनं माझं खोटं झाकून धरलं होतं, एका शब्दानं मला उघडं पाडता आलं असतं तरी पाडलं नव्हतं. आणि तिच्या खऱ्यावर मी चार लोकांत हसलो होतो.

रविवारी मी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली. मी शेजारी बसलो. फाटक पडलेलं होतं. तिनं इंजिन बंद केलं आणि ते एका झटक्यात बंद झालं. फॅन फिरत होता. मला सलग सात शिंका आल्या. तिनं मान खिडकीकडं वळवली. हसत होती की नाही, मला दिसलं नाही.

माहेरच्या अंगणात तिनं गाडी उभी केली, किल्ली काढली. इंजिन लगेच थांबलं. मी अभिमानानं इकडंतिकडं पाहिलं, पण अंगणात कुणीच नव्हतं. तेवढ्यात मधल्या खोलीच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. त्या सुनेला सांगत होत्या.

"जावई आलं वाटतं. गाडी लगीच बंद झाली बघ. पाणी आत्ताच तापाया ठिव, चारला निघत्यात ते."

आतून सून म्हणाली, "आत्या, ताईच असतील."

"न्हाई गं. ती आली म्हंजी गाडी बंद व्हईत न्हाई. कितीतरी वेळ वाजत राहती दारात. लई ब्येस वाटायचं तवा. म्हणायची मी, आली माझी पोरगी, आता दिवसभर हाय."

सासूबाईंचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. अंधारात कुठलं मेंढरू खोकलं हे त्या ओळखायच्या, असं घरात सांगतात. त्या कॉटवर पडून रविवारी आमच्या इंजिनाकडं कान लावत होत्या, आणि मी हेड खोलून त्यातला कार्बन काढत होतो. बायको गाडीत तशीच बसली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं. मी शिंकांवर ढकललं.

ती उतरून धावतच आत गेली. "आई, मीच आणलीय गाडी," हे मला अंगणात ऐकू आलं. पुढचं ऐकू आलं नाही.

मेहुणा मळ्यातून आला तो फवारणीचा पंप घेऊनच. "बरं झालं दाजी आला. जरा आवाज ऐका बरं ह्याचा." मागून शेजारचे ते दोघेही आले.

मी पंप हातात घेतला नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडीत दोष होता. फॅनची वायर चुकीची जोडली होती, ती मी जोडली होती. तुमची ताई म्हणत होती ते बरोबर होतं. तिला गाडी बंद करता येते." हे एका दमात म्हणून झालं. मग श्वास घेतला. "आणि मी रेल्वेत तिकिटं विकायचो. आयुष्यात एकदाही मी इंजिन उघडून पाहिलेलं नाही."

मेहुण्यानं पंप खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"ते ठाव हाय की आमाला," तो म्हणाला.

"काय?"

"तिकिटाचं. ताईनं तवाच सांगितलं व्हतं, तुमच्या लग्नाच्या वर्सालाच. म्हणाली, तरी बी त्यांना इचारत जा, बरं वाटतं त्यांना." तो जरा ओशाळला. "आन् दाजी, खोटं कशाला बोलू, तुमी 'मिस्त्रीला दाखवा' म्हणला की मिस्त्रीकडं न्यायाला मन घ्यायचं. न्हाईतर आमी चालढकल करायचो."

म्हणजे तीस वर्षं मी ज्यांना फसवत होतो, ते सगळे मिळून माझा मान राखत होते. अंगणात मी मान तिरकी करायचो तेव्हा सबंध घर तोंड आवळून उभं राहायचं. मी खाली ओट्यावर बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मेहुण्याच्या बायकोनं चहा आणून दिला.

दुपारी आत पाण्याचा आवाज येत राहिला, मग बराच वेळ बोलण्याचा. एकदा सासूबाई मोठ्यानं हसल्या. चार वाजले. मी सवयीनं उठलो आणि खाकरलो.

आतलं बोलणं थांबलं. बायको दारात आली. तिच्या हातात फणी होती. मागं खिडकीतल्या उन्हात सासूबाईंचे ओले केस उशीवर पसरलेले दिसत होते.

मला वाटतं, ती पंचा आणायला वळणार होती.

"मी निघतो," मी म्हणालो. "एसटीनं. तू बस."

तिनं फणी केसात खोवली आणि एखाद्या मुलाला शाळेत धाडताना सांगावं तसं सांगू लागली, "न्हावऱ्याला बदलावी लागते. तिथं तासभर तरी गाडी येत नाही. शेडमध्ये उभे राहू नका, या वेळेला आत ऊन येतं. पलीकडं लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली दगड आहे एक, त्यावर बसा. आणि चौफुल्याला पुढच्या दारानं चढा, मागच्या दाराला गर्दी असते."

हे सगळं तिला कसं माहीत, हे मला विचारावं लागलं नाही.

मी अंगणाच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "गेले का जावई?" आणि थोड्या वेळानं, "मंग सावकाश वाळू दे केस."

न्हावऱ्याला उतरलो. शेडमध्ये खरंच ऊन येत होतं. मी पलीकडं जाऊन लिंबाखालच्या दगडावर बसलो.